जंतरावांची ओळख

पोटाला वेस होती आणि वेशीवर पहारा होता, त्या काळची गोष्ट. आतड्याच्या नाक्यावर पांढरबा नावाचा राखणदार काठी घेऊन बसायचा. जात पांढऱ्या पेशींची, म्हणजे पिढीजात शूर.

एकदा न धुतलेल्या भाजीवर बसून जंतराव आत आले. पांढरबाने रीतीप्रमाणे आरडाओरडा केला, चिकट पाणी सोडलं, आतडं गदागदा हलवलं. जंतराव शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही असे तापलात तर आपल्याच भिंती सुजतील. मी कोपऱ्यात पडून राहीन."

पांढरबाला आजवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्याने काठी खाली ठेवली.

तेव्हापासून प्रत्येक जेवणातला पहिला घास जंतरावांचा. पोटाच्या मालकाच्या हातापायांच्या काड्या झाल्या, तरी पांढरबा अभिमानाने सांगायचा, "माझ्या नाक्यावर भांडणतंटा म्हणून नाही."

शेवटी एक कडू गोळी आली आणि तिने जंतरावांना बाहेरची वाट दाखवली. पांढरबा लगेच छाती काढून उभा राहिला. "घालवला की नाही?"

दुसऱ्या दिवशी चटणीतला शेंगदाणा नाक्यावर आला. पांढरबाने त्याला असा झोडपला, की मालकाच्या अंगभर गांधी उठल्या आणि ओठ सुजले.

शेंगदाणा कळवळून म्हणाला, "मी तर पचायला आलो होतो. तो इतके दिवस फुकट जेवला, तेव्हा ही काठी कुठे होती?"

"तो ओळखीचा होता," पांढरबा म्हणाला, आणि त्याने काठी पुन्हा उगारली.