खाजणवाडीला लागणारी होडी

आज सकाळी मी पुळणीवरून परत येत होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजोबा, काय दिसलं?" मी म्हणालो, "होडी लागली होती." लगेच तुमच्यातला एकजण कॅमेरा घेऊन धावला. नाही ना सापडली होडी? सापडायची नाही. माघापासून पाडव्यापर्यंत आमच्या खाजणवाडीत कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल.

बाकी आम्ही काही लपवत नाही. सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुडाचं घरटं आहे, खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन उसळतात, पांगारा फुलला की त्यावर पळसमैना उतरतात. त्यांचे फोटो खुशाल काढा. पण वाळूवर जो पुसलेला पट्टा तुम्ही बघत उभे होतात, त्याचं विचारू नका, असं मी म्हणणार होतो. तुम्ही चार दिवस राहणार, आणि अर्धवट माहिती असलेला माणूस फार उकरतो, म्हणून सांगतो. त्या पिशव्या जरा बाजूला ठेवा. मला तुमचे हात दिसू देत.

फार पूर्वी या किनाऱ्याला समुद्रातल्या लुटारूंचा त्रास होता म्हणे. शेजारचं गाव त्यांनी जाळलं, तेव्हा लोक म्हणाले, आतून कोणीतरी वाट दाखवल्याशिवाय एवढं होत नाही. तेव्हापासून माणूस माणसाकडे सरळ बघेना. आमच्या गावचा तांडेल तेव्हा भिवा होता. गावच्या होड्या त्याच्या शब्दावर समुद्रात जायच्या. त्याची विधवा बहीण सगुणा त्याच्याच घरी राहायची. तीन मुलं झाली, तिन्ही गेली, मग नवराही गेला, आणि ती माहेरी आली.

त्या माघात पुळणीवर खुणा दिसू लागल्या. पाण्यापासून वर सुरूपर्यंत काहीतरी ओढत नेल्याचा रुंद पट्टा, आणि तो कोणीतरी पुसायचा प्रयत्न केलेला. लोकांनी ओळखलं, छोटी होडी लागते आहे, आणि गावातलंच कोणीतरी खुणा पुसतं आहे. भिवाने उजाडताना पाळत ठेवली. पुळणीवर त्याला सगुणा सापडली. हातात निगडीचा डहाळा, आणि ती वाळू झाडत होती.

"कोणासाठी पुसतंस गो ह्या?" भिवाने विचारलं.

"पावणी येता एक," ती म्हणाली. "बाळंतपणाक म्हायेराक येता. नाव इचारू नको. मी शबुद दिलंय."

गाव देवळापुढे जमलं. "दर्यातसून कोण येता म्हायेराक?" म्हणून लोक हसले, आणि हसता हसताच ठरवून टाकलं की नाव सांगायचं, नाहीतर गाव सोडायचं. सगुणाने नाव सांगितलं नाही. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, तिच्या बाजूने भावजयसुद्धा बोलली नाही.

असं सांगतात की भिवाने स्वतःच तिला खाडीपार नेऊन सोडलं. उतरताना ती एवढंच म्हणाली, "होळी होयपर्यंत पुळणीर कोल्हो येव देव नको." भिवाच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. हा कोल्हा म्हणजे कोण? लुटारूंच्या म्होरक्याचं नाव असणार! तो रोज कोयता घेऊन पुळणीवर बसू लागला. माणूस एकही आला नाही. खरेखुरे कोल्हे मात्र यायचे, वाळू हुंगायचे, आणि तो वैतागून त्यांना दगड मारून हाकलायचा. संशयाने का होईना, तिने सांगितलेलं काम त्याने चोख केलं.

होळी झाली. पाचव्या दिवशी फटफटताना त्याच्या पायाजवळची वाळू हलली. आधी एक डोकं वर आलं, मग दहा, मग मोजता येईनात. मुठीत मावतील एवढी कासवाची पिल्लं त्याच्या पावलांवरून सरपटत पाण्याकडे निघाली. भिवाच्या हातातला कोयता गळून पडला. वाळूवर अंग ओढत वर आली होती ती कासवी. पायांचे ठसे सगुणाने पुसले, मधला पट्टा तेवढा पुरता पुसला गेला नाही, आणि गावाला त्यात होडी दिसली.

तेव्हा आमच्यात अंडी उकडून खायची रीत होती. घरटं सापडलं की टोपलीभर काढायचे. सगुणाने कासवीला रडताना पाहिलं होतं म्हणे. कासवी नजरेने पिल्लं वाढवते असं आपण म्हणतो, पण ही तर मागे वळूनही न बघता पाण्यात गेली. सगुणाने तिला शब्द दिला, "तू जा, मी राखतंय." देवळापुढे एक शब्द बोलली असती तर तिचं माहेर वाचलं असतं, आणि दुसऱ्याच दिवशी टोपल्या भरल्या असत्या. हे तिला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गावाला ती बरोबर ओळखून होती, याची मला अजून लाज वाटते.

भिवा त्याच दिवशी खाडीपार गेला. सगुणा तिथे नव्हती. कोणी म्हणालं मिठागरावर कामाला गेली, कोणी म्हणालं दक्षिणेला गेली. भिवा आयुष्यभर शोधत होता. ती मिळाली नाही.

आजही माघ लागला की पट्टा पुसायचा मान भिवाच्या घरातल्या पुरुषाचा. निगडीच्या डहाळ्याने, उजाडताना, एकट्याने. तो पुरुष सध्या मी आहे. गावाला आणि पाहुण्यांना सांगायचं, होडी लागली होती. तुम्हालाही तेच सांगितलं, आणि तुम्ही चांगली माणसं दिसत असलात तरी उद्याही तेच सांगेन. चांगली माणसं देवळापुढेही पुष्कळ होती.

घरी मात्र आम्ही होडी म्हणत नाही. मी दारात पाय धुतो, सून आतून विचारते, "इली काय?" आणि मी सांगतो, "इली. आत्या म्हायेराक येवन गेली."