शिलिंगच्या भावानं रस्सीखेच

केनिया आणि युगांडाच्या सीमेवर समोरासमोर दोन गावं होती आणि मधे एक चिखलाचा ओढा. दर सुगीनंतर या काठावरून त्या काठावर दोर टाकून रस्सीखेच व्हायची. जिंकेल त्या गावाला बैल मिळायचा.

केनियाच्या गावाचा प्रमुख बराझा अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. सामन्याआधी त्यानं भाषणच ठोकलं.

"आमच्या एका शिलिंगला पूर्वी तुमचे चार शिलिंग मिळायचे. मग वीस मिळू लागले. आता तीस! म्हणजे आमचा एक माणूस तुमच्या तीस जणांना भारी!"

पलीकडचे लोक खाली मान घालून उभे राहिले. त्यांच्या संघाची म्होरकी नाब्विरे मात्र पुढे आली.

"प्रमुखसाहेब, हा भाव पक्का ना?"

"पक्का! भर सभेत बोललोय."

"मग खेळही त्याच भावानं होऊ द्या. आमचे तीस, तुमचा एक. आणि तो एक तुम्हीच व्हा. तुमच्याइतकं भारी दुसरं कोण आहे?"

दोन्ही काठांवर टाळ्या पडल्या. आता नाही म्हणावं तर अब्रू जाणार! बराझानं दोर धरला. शिट्टी वाजली, आणि प्रमुखसाहेब टोपीसकट ओढ्यातून घसरत थेट युगांडात येऊन पालथे पडले.

नाब्विरेनं हात देऊन त्यांना उठवलं. "साहेब, आता काय भाव?"

तोंडातला चिखल थुंकत बराझा म्हणाला, "बैल घेऊन जा बाई. आज बाजार बंद आहे!"