गप्प न बसलेली पेशी

एका गावात एक मुलगी होती आणि तिच्या घशात पेशींची दाट वस्ती होती, घराला घर लागून. वस्तीचा एक रिवाज होता. कुणाच्या घरात विषाणू शिरला, की त्या पेशीने आधी हाक द्यायची. त्या हाकेचं नाव इंटरफेरॉन. ती ऐकली की शेजारणी दारं लावून घेत आणि विषाणूला पुढचं घर मिळत नसे.

एके दिवशी तिथल्या एका साध्या पेशीच्या घरात विषाणू शिरला. तिला चाहूल लागली. हाक द्यायला तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

विषाणूने येताना एक प्रथिन आणलं होतं. अंगाने लहान, बोलायला गोड. हाक द्यायचा हुकूम घरात ज्या वाटेने जायचा, नेमकी तीच वाट अडवून ते बसलं होतं.

"उगाच धडपडू नकोस, बाई," ते म्हणालं. "तुझ्यासारख्या पुष्कळ गप्प केल्यात मी."

"तुला हवंय तरी काय?"

"तुझं घर. इथे माझ्या मालकासारखे हजार विषाणू घडतील. तू नुसती गप्प राहा, दोन दिवस सुखाने जगशील."

"आणि मग?"

"मग शेजारचं घर."

शेजारणीची आणि तिची भिंत एकच होती. पलीकडून रोजची खुडबुड ऐकू येत होती. त्या बिचारीला कशाचाच पत्ता नव्हता.

पेशीने पुन्हा हाक देऊन पाहिली. पुन्हा एकदा. प्रथिन हसलं.

"हाक तू अडवलीस," पेशी म्हणाली, "पण घर अजून माझं आहे. ते मला पाडता येतं. त्याला तुझी परवानगी लागत नाही."

प्रथिनाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वेडी आहेस का? तू मरशील."

"मरेन. पण तुझ्या मालकाला हे घर मिळणार नाही, आणि शेजारचं तर नाहीच नाही."

तिने आतून एकेक भिंत ढासळवली. भीती वाटत होती, तरी ती थांबली नाही. अर्धवट घडलेले विषाणू ढिगाऱ्याखाली गेले. वाट अडवून बसलेलं प्रथिनही गेलं.

गस्तीवरची पहारेकरी पेशी धावत आली. ढिगाऱ्यात तिला विषाणूचे तुकडे सापडले. या पहारेकरणीचं तोंड मात्र कुणी दाबलेलं नव्हतं. तिने अशी हाक दिली की सगळी वस्ती दणाणली. दारं धडाधड लागली. मुलीला ताप चढला, आईने कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. मूठभर विषाणू निसटले होते. ते तीन दिवस बंद दारं ठोठावत फिरले आणि संपले.

पडलेल्या घराच्या जागी पुढे शेजारणीची लेक राहायला आली. आईने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हाकेची वाट बघत बसू नकोस. भिंत नुसती थरथरली तरी दार लाव."

तात्पर्य: जो आधी आपलं तोंड दाबतो, तो आपल्या आवाजाला घाबरलेला असतो; आणि आवाज गेला तरी नकार आपल्याच हातात राहतो.