साहेबांच्या खिशातली रिंग

बार्शीजवळच्या कासारखेड्यात इंदुमती ढगे चाळीस बायकांकडून पापड लाटून घ्यायच्या. पीठ मळून झालं की त्या सगळ्यांना मेसेज करायच्या. गावात टॉवर एकाच कंपनीचा, म्हणून कंपनीनं मेसेजचा दर तिप्पट केला, सणाला त्याहून जास्त. इंदुताईंनी मेसेज बंदच केले. एक रिंग म्हणजे पीठ तयार, दोन रिंगा म्हणजे आज सुट्टी. फोन कुणी उचलायचा नाही. बघता बघता अख्खं गाव तसंच करू लागलं.

मग कंपनीचे मोठे साहेब आले. देवळाच्या मंडपात त्यांनी तासभर गावाची हजेरी घेतली. "मेसेज पोचवायला टॉवर लागतो, वीज लागते. फुकटच्या रिंगा देणं ही शुद्ध चोरी आहे. थांबला नाहीत तर एकेकाचं सिमकार्ड बंद करीन."

चाळीस चुली त्या रिंगेवर पेटत होत्या. इंदुताई पदर खोचून उठल्या, तेवढ्यात साहेबांच्या खिशात फोन एकदाच वाजला आणि थांबला. साहेबांनी तो बाहेरही काढला नाही. "चला, गाडी आली," म्हणत ते निघाले.

"गाडी आली हे कसं कळलं हो तुम्हाला?" इंदुताईंनी विचारलं.

"ड्रायव्हरनं रिंग दिली ना," साहेब बोलून गेले.

मंडपात खसखस पिकली. इंदुताई मात्र हसल्या नाहीत.

"तुमचा मेसेज तुमच्याच ड्रायव्हरला परवडत नाही, आणि चोर आम्ही? आधी त्याचं सिमकार्ड बंद करा साहेब, मग चालत या आमच्याकडे."