हरकत घ्यायला तरी

मिरजेच्या लोणचेवाल्या गोदाक्कांनी लिमिटेड कंपनी काढायची ठरवली. त्यासाठी जाहीर नोटीस लागते, ती त्यांनी दिली हुबळीच्या एका छोट्या मराठी साप्ताहिकात.

कंपनी नोंदणीच्या कचेरीतले साहेब खेकसले, "बाई, हे इथं कोण वाचतं? नोटीस कशासाठी असते, ठाऊक आहे का?"

"हरकत घेणाऱ्याला कळावं म्हणून. मिरजेत कुणाची हरकत नाही, साहेब. जिच्याबरोबर पहिली बरणी भरली, ती माझी धाकटी बहीण भांडून हुबळीला गेली. ती हाच पेपर वाचते."

"आणि तिनं हरकत घेतली तर? कंपनी अडेल."

"अडू द्या की. बारा वर्षं माझ्या पत्राला उत्तर नाही. हरकत घ्यायला तरी दारात येईल."

साहेबांनी शिक्का मारला. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची होती, ती त्यांनीच महिन्याची केली.