पाठ वाकवणारा नगारा

एका राज्यात एक नगारा होता. घुमटाएवढा, तांब्याचा, वर काळं कातडं ताणलेला. कालकंठ नावाच्या मांत्रिकाने तो राजाला करून दिला होता. दवंडीला तीन ठोके पडत, आणि ठोक्यासरशी साऱ्या प्रजेच्या पाठी वाकत. दर दवंडीला आणखी थोड्या. वाकता वाकता ज्याचं कपाळ भुईला टेके, त्याची शिळा होई. त्या शिळा राजवाड्याच्या जिन्याला पायऱ्या म्हणून लावत. राजवाडा त्यामुळे दरसाल उंच होई.

त्याच राज्यात सारजा नावाची मुलगी होती. भारी दचकी. भांडं पडलं की दचके, कडी वाजली की दचके. ठोका पडला की सारे वाकत, तेव्हा ही टुणकन उडे. म्हणून तिची एकटीची पाठ सरळ होती, आणि लोक तिचीच थट्टा करत.

"अगो दचके," शेजारची भागूकाकू म्हणे, "साधं वाकायलासुद्धा जमेना तुला!"

सारजाची आई केव्हाच पायरी झाली होती. सारजा त्या पायरीवर कधी पाय देत नसे. उरले होते ते वडील, हैबती. त्यांचं कपाळ भुईपासून जेमतेम वीतभर वर होतं.

"आबा, दुखतं का हो?"

"छे गं. मुंग्यांशी ओळख झाली, एवढंच."

मग राज्य उलथलं. वाकल्या पाठीच्या लोकांनीच राजाला हाकललं. सेनापती गादीवर आला. म्हणाला, "नगारा राहू द्या, शत्रू वेशीवर आहे." ठोके पडले, पाठी वाकल्या. लोकांनी त्यालाही हाकललं. मग पाच पंच आले. म्हणाले, "राज्य आता तुमचंच. नगारा फक्त घडी बसेपर्यंत." पौर्णिमेच्या सकाळी त्यांची दवंडी ठरली. लोकांनी हौसेने तोरणं बांधली. सारजाने आबांचं कपाळ पाहिलं. ते आता भुईपासून बोटभरच वर होतं. ती उठली आणि माळाकडे निघाली.

माळावर एक टिटवी बसली होती. ती बोलली, "सारजे, दर वेळी वाजवणारा बदलला. नगारा बदलला का?"

सारजा दचकली. "नाही. मग मी काय करू?"

"कालकंठाला विचार. उलट्या वाहणाऱ्या नदीपलीकडे राहतो. तो तीन गोष्टी देईल. तिन्ही नाकारशील, तर खरं सांगणं त्याला भाग आहे."

नदी उलटी वाहत होती. ती ओलांडून सारजा गेली. कालकंठाने सिंहासन पुढे केलं. "बस." सिंहासनाचे सिंह गुरगुरले, सारजा चार पावलं मागे सरली. "नको."

त्याने तलवार दिली. "धर." तलवार खणखणली, सारजाच्या हातून पडली. "नको."

मग त्याने नगाऱ्याचं टिपरू काढलं. "हे घे. तू वाजव. तुझ्या बापाची पाठ तुझ्या हुकमाने सरळ होईल."

सारजाचा हात पुढे झाला. बोटं टिपराला लागलीसुद्धा.

"आणि बाकीच्यांची?"

"बाकीचे वाकतील. कुणीतरी वाकायलाच हवं."

सारजाला आबांच्या मुंग्या आठवल्या. डोळ्यांत पाणी आलं. तिने हात मागे घेतला. "मग नको."

कालकंठ जन्मात पहिल्यांदा दचकला. म्हणाला, "ऐक तर. ठोका पडला आणि एकही पाठ वाकली नाही, तर कातडं फाटेल. पण असं होत नसतं, मुली."

पौर्णिमेची सकाळ उजाडली. सारं राज्य चौकात जमलं. उंच राजवाड्याच्या सज्जात, नगाऱ्यापाशी पंच उभे राहिले. सारजाने आबांचा हात घट्ट धरला.

पहिला ठोका पडला. सारे वाकले. सारजा उडाली, आणि तिचा झटका आबांच्या हातात गेला. भुईला टेकू पाहणारं कपाळ हिसक्यासरशी वर आलं.

"अगं, आभाळ दिसलं!" आबा ओरडले.

सारजाला उमगलं. ती ओरडली, "हात धरा! सगळ्यांनी एकमेकांचे हात धरा!"

"दचकीचं ऐकायचं होय?" कुणीतरी म्हणालं.

"ऐका मेल्यांनो," भागूकाकू कडाडली, "हैबतीची मान बघा!" आणि तिने आबांचा दुसरा हात पकडला.

दुसरा ठोका पडला. झटका हातांहातांतून अर्ध्या चौकात गेला. अर्धा चौक ताठ झाला. मग उरलेल्यांचे हात मागावे लागले नाहीत, त्यांनी ते आपणहून दिले.

तिसरा ठोका पडला. सारजा उडाली, आणि तिच्यासवे सारं राज्य उडालं. एकही पाठ वाकली नाही. वर काळं कातडं टर्रकन फाटलं.

त्याबरोबर जिन्याच्या पायऱ्या उठल्या. त्यांनी अंगावरची धूळ झटकली आणि त्या आपापल्या घरी चालू लागल्या. त्यांतली एक सरळ सारजाकडे आली. तिने सारजाच्या पाठीवरून हात फिरवला. "कशी सरळ राहिली गं माझी लेक!"

राजवाडा तेवढाच उंच राहिला. जिना मात्र उरला नाही. पंच सज्जातून हाका मारू लागले, "अहो, आम्हाला खाली घ्या!" लोकांनी दोर टाकून त्यांना उतरवलं आणि जमिनीवर, आपल्यात बसवलं. नगाऱ्याचं तांब्याचं भांडं चौकात ठेवलं. कारभारी निवडायचा झाला की प्रत्येकजण येऊन त्यात खडा टाकतो. प्रत्येक खडा खण्णकन वाजतो, आणि दर वेळी सारजा दचकते. कुणी हसत नाही. उलट तिचा हात धरून उभे राहतात.

त्या राज्यात पाठी आजही वाकतात. पेरायला वाकतात, पाणी शेंदायला वाकतात, लेकरू उचलायला वाकतात. आणि मग पुन्हा सरळ होतात.