मिचकीचं गाणं आणि आवाजाची वायर

संध्याकाळचे पाच. शाळेचं मैदान. मैदानात मंडप. मंडपात माइक.

माइकसमोर मिचकी उंदरी. एवढीशी! मुठीत मावेल एवढी.

मिचकीची आई मागच्या भिंतीवर बसली होती. आईचा पाय दुखत होता. तिला पुढे येता येत नव्हतं. मिचकीचा आवाज बारीक. भिंत लांब. म्हणून माइक हवाच.

मिचकीनं तोंड उघडलं. "एक होता..."

फट्!

आवाज गेला.

आईनं कान टवकारले. काही ऐकूच येईना.

मिचकी म्हणाली, "माइक माइक, बोल ना!
गाणं आईला पोचेना!"

माइक म्हणाला, "मी नाही बोलणार. आधी कर्ण्याला गर्जू दे."

मिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. खांबावर होता मोठा कर्णा. मोठ्ठं तोंड, भोंग्यासारखं.

"कर्णा कर्णा, गर्ज ना!
माइक काही बोलेना,
गाणं आईला पोचेना!"

कर्णा म्हणाला, "मी नाही गर्जणार. आधी मशीनला गुरगुरू दे."

मिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. टेबलावर होतं आवाज मोठा करायचं मशीन.

"मशीन मशीन, गुरगुर ना!
कर्णा काही गर्जेना,
माइक काही बोलेना,
गाणं आईला पोचेना!"

मशीन म्हणालं, "मी नाही गुरगुरणार. आधी वायरीला वीज आणू दे."

मिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. टेबलाखाली होती वायर. लांबच लांब, काळी काळी.

"वायर वायर, वीज आण ना!
मशीन काही गुरगुरेना,
कर्णा काही गर्जेना,
माइक काही बोलेना,
गाणं आईला पोचेना!"

वायर म्हणाली, "मी नाही आणणार. आधी काकांना फ्यूज बसवू दे."

मिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बोर्डापाशी बसले होते झुंबरकाका. हातात पक्कड, कानावर पेन्सिल.

"काका काका, फ्यूज बसवा ना!
वायर वीज आणेना,
मशीन काही गुरगुरेना,
कर्णा काही गर्जेना,
माइक काही बोलेना,
गाणं आईला पोचेना!"

झुंबरकाका भडकले. "नाही बसवणार! दोनदा बसवला, दोनदा उडाला. फट्! फट्! दिव्यांची वायर वेगळी, आवाजाची वेगळी. मी पाटी लावलीय. लाल अक्षरात. 'फक्त आवाजासाठी.' आणि इथं बघ! चहाच्या किटलीचा प्लग! एवढा भार ही वायर कशी उचलेल? आधी मावशीला किटली काढू दे."

मिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. किटलीपाशी होती ठकूमावशी. वीज गेली तरी गरम किटली अजून म्हणत होती, बुडबुड बुडबुड.

"मावशी मावशी, किटली काढ ना!
काका फ्यूज बसवेनात,
वायर वीज आणेना,
मशीन काही गुरगुरेना,
कर्णा काही गर्जेना,
माइक काही बोलेना,
गाणं आईला पोचेना!"

"काय गं मावशे," काका तिकडून ओरडले, "पाटी वाचता येत नाही होय?"

"मला येते!" मावशी म्हणाली. "ज्यानं प्लग घातला, त्याला विचारा! मी आले तेव्हा किटली लावलेलीच होती." मग ती मिचकीला म्हणाली, "मी नाही काढणार बाई. पाहुण्यांचा चहा आहे. पाहुणे रुसले तर? आधी पाहुण्यांना नको म्हणू दे."

मिचकी निघाली. तुरुतुरु... तुरुतुरु... पाय दमले. पण आई बसली होती ना भिंतीवर!

पहिल्या रांगेत होते पाहुणे. मोठ्ठे पाहुणे. मोठ्ठ्या मिशा. मिचकी घाबरली. डोळे मिचकावले. शेपटी घट्ट धरली. आणि म्हणाली,

"पाहुणे पाहुणे, नको म्हणा ना!
मावशी किटली काढेना,
काका फ्यूज बसवेनात,
वायर वीज आणेना,
मशीन काही गुरगुरेना,
कर्णा काही गर्जेना,
माइक काही बोलेना,
गाणं आईला पोचेना!"

पाहुण्यांनी मिशा खाजवल्या.

"चहा? कसला चहा? मी तर चहा पीतच नाही! मला कोणी विचारलंच नाही! नको, नको, नको! आधी गाणं!"

मग काय!

पाहुणे नको म्हणाले. नको नको!
मावशीनं किटली काढली. खट्ट!
काकांनी फ्यूज बसवला. टक्क!
वायरीनं वीज आणली. सळसळ!
मशीन गुरगुरलं. हूंऽऽ!
कर्णा गर्जला. भोंऽऽ!
माइक बोलला. टुक टुक!

या वेळी फट् झालं नाही.

मिचकी गाऊ लागली.

"एक होता दाणा,
आईनं दिला मला.
अर्धा मी खाल्ला,
अर्धा ठेवला तुला!"

गाणं मैदानभर गेलं. झाडापर्यंत गेलं. मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

आईचे कान हलले. आईची शेपटी हलली. आई भिंतीवरून ओरडली, "मिचके! ऐकलं गं, सगळं ऐकलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी सगळ्यांत जोरात. मावशीनं मागं स्टोव्ह पेटवला आणि ज्याला हवा त्याला चहा दिला.

झुंबरकाकांनी पाटी पुसली. पुन्हा नीट टांगली. मग किटलीचा प्लग हातात धरून उभे राहिले.

"हा इथं कोणी घातला?"

मावशी म्हणाली, "मी नाही."
पाहुणे म्हणाले, "मी नाही."
मिचकी म्हणाली, "मी तर एवढीशी!"

बाकीचे सगळे आभाळाकडे बघत राहिले.

प्लग कोणी घातला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.